चुकलेली गोळी आणि न दिलेली गोळी

पत्राचा सारांश: वाचक भगिनी ५४ वर्षांच्या, राहायला ठाण्यात. आई ८२ वर्षांची, तिला स्मृतिभ्रंश आहे. चार महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आई पुण्याजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात आहे. फी बंगळुरूला राहणारा भाऊ भरतो, दर रविवारी जाऊन येतात त्या या. महिन्यापूर्वी एका सकाळी आईला दरदरून घाम फुटला, ती बोलेनाशी झाली. साखर तपासली तर ५२ निघाली. ग्लुकोज दिल्यावर सावरली. केंद्राने कळवलं, ‘अशक्तपणामुळे झालं.’ आईला मधुमेह नाही. पुढच्या रविवारी तिथल्या विशीतल्या एका मुलीने रडत सांगितलं की शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या गोळ्या चुकून आईला गेल्या होत्या. ‘ताई, कोणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल.’ बहीण-भाऊ गप्प राहिले, पण केंद्राला त्यांनी एवढं सांगितलं की आईला गोळ्या कमीत कमी द्या, दुखण्याच्या तर अगदीच लागल्या तरच. आता आई कूस बदलताना ओरडते, अंघोळ घालणाऱ्या मावशींचा हात ढकलते, एकदा त्यांना चावलीही. रात्रीची झोपेची गोळी सुरू झाली आहे. सिस्टर म्हणतात, ‘दुखतंय असं त्या कधी म्हणतच नाहीत.’ भाऊ म्हणतो, बाऊ करू नकोस, दुसरी जागा मिळायची नाही. त्या विचारतात: तक्रार करू की गप्प बसू? आईला घरी आणू का? पेनकिलरची सवय लागेल का?

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. पण पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘गोळ्या कमीत कमी द्या.’ ते तुम्ही घाबरून सांगितलंत आणि त्या भीतीत गैर काहीच नव्हतं. परक्याची गोळी आईच्या पोटात गेल्यावर कुठल्याही मुलीला हेच सुचेल. पण त्या दिवसापासून आईचं काय झालं ते तुमच्याच पत्रात पाहा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा लिहिलं होतं, असं तुम्ही म्हणता. तुमच्या सांगण्यानंतर ते ‘एसओएस’ झालं, म्हणजे गरज पडली तर द्यायचं. आता गरज पडली हे सांगायचं कोणी? जिला सांगता येत नाही तिनेच. सिस्टर खोटं बोलत नाहीत. आई मागत नाही, म्हणून दिलं जात नाही, आणि नोंदवहीत रोज ‘तक्रार नाही’ असं लिहिलं जातं.

चुकीची गोळी पोटात जाणं ही चूक आहेच. हवी असलेली गोळी न मिळणं हीसुद्धा औषधाचीच चूक आहे. पहिल्या प्रकारात घाम फुटतो, धावपळ होते, सगळ्यांना कळतं. दुसरी आठवडेच्या आठवडे चालते आणि तिचं खापर म्हाताऱ्या माणसाच्या स्वभावावर फुटतं. ‘आजी चिडखोर झाल्यात’, ‘मारकुट्या झाल्यात’ असं म्हटलं जातं आणि मग त्या चिडचिडीवर झोपेची गोळी येते.

तेव्हा तक्रारीचं पुढे बघू. आधी आईचं दुखणं.

पहिली गोष्ट या आठवड्यातच करा. खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाल्यावर वेदना कमी व्हायला हव्यात. त्या वाढत असतील तर ‘वय झालं’ हे उत्तर पुरेसं नाही. बसवलेला रॉड किंवा स्क्रू हलला आहे का, आत जंतुसंसर्ग आहे का, पुन्हा कुठे पडून दुसरं हाड दुखावलं आहे का, हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासायला हवं, लागला तर एक्स-रे काढायला हवा. सोबत पाठ, माकडहाड आणि टाचा उघड्या करून बघायला सांगा, शय्याव्रण सुरू होत असेल तर तिथे लाली दिसेल. शौचाला किती दिवसांत झालेली नाही ते विचारा. लघवी तुंबणं, कवळी बोचणं, किडलेली दाढ या गोष्टींनीही स्मृतिभ्रंशाचा माणूस असाच ओरडतो. हे बघितल्याशिवाय गोळी वाढवणंही बरोबर नाही आणि कमी करणंही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आईची वेदना कागदावर यायला हवी. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं मोजता येत नाही असा समज आहे, तो खरा नाही. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी २००३ पासून वापरात आहे आणि ती शिकायला फार वेळ लागत नाही. पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, आवाज (कण्हणं, ओरडणं, रडणं), चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजूत घातल्यावर शांत होते की नाही. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. महत्त्वाचं म्हणजे हे कधी पाहायचं. आई पडून आहे, डोळे मिटलेले आहेत, अशा वेळी गुण शून्यच येणार. अंघोळीला, कूस बदलताना, खुर्चीत बसवताना पाहायचं. आणि पाहायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे त्या चावा खाल्लेल्या मावशी. डॉक्टर पंधरा दिवसांतून पाच मिनिटं येतात, मावशींचा हात रोज आईच्या अंगावरून फिरतो. कुठे हात लागला की ती आक्रसते हे त्यांना नक्की ठाऊक असेल, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसेल. त्यांना विचारा, आणि विचारताना आधी त्यांच्या हाताला काय झालं होतं याची चौकशी करा.

आईला स्वतःला विचारायचं सोडू नका. तिच्या पिढीतल्या बायकांना ‘दुखतंय का?’ विचारलं की ‘नाही गं’ हेच उत्तर येतं, आयुष्यभर तेच दिलेलं असतं. त्याऐवजी नेमक्या जागी हात ठेवून विचारा: इथे ठणकतंय? कळ येते? सलतंय? अवघडलंय? बऱ्याचदा मान हलते. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ असा धोशा लावत असेल तर तेव्हाही एकदा खुबा आणि पाठ पाहून घ्या.

चार-पाच दिवसांच्या अशा नोंदी घेऊन डॉक्टरांना भेटा. ‘आई फार ओरडते’ म्हणालात तर हातात झोपेचं औषध पडेल. ‘सकाळी अंघोळीच्या वेळी दहापैकी सात, दुपारी झोपलेली असताना एक’ असं सांगितलंत तर बोलणं वेदनेवर येईल. मग विचारा: पॅरासिटामॉल पूर्वीसारखं ठरलेल्या वेळी देता येईल का? अंघोळीच्या आणि व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास एक डोस येईल अशा वेळा बसवता येतील का? दिल्यावर तासाभराने पुन्हा गुण लिहिले जातील का? कितव्या दिवशी आपण पुन्हा बोलायचं?

हा माझा केवळ तर्क नाही. २०११ साली नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ लोकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना स्मृतिभ्रंश होता आणि सगळ्यांची चिडचिड, आरडाओरडा मोठा होता. निम्म्यांना आठ आठवडे ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनेवर नियमित औषध दिलं. त्यातल्या बहुसंख्यांना फक्त पॅरासिटामॉल होतं. त्या गटाची चिडचिड दुसऱ्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी कमी झाली. याचा अर्थ प्रत्येक ओरडण्यामागे वेदनाच असते असा नाही. पण शामक देण्याआधी वेदना तपासायला हवी, एवढं यातून नक्की निघतं.

त्या झोपेच्या गोळीचं नाव आधी विचारून घ्या. या वयात ‘झोपेची’ म्हणून जे दिलं जातं ते पुष्कळदा मानसिक आजारावरचं औषध असतं, क्वेटिआपिन किंवा त्याच्या जातीचं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. कधीकधी ही औषधं लागतात, नाही असं नाही. पण ती का सुरू केली, किती दिवसांसाठी आणि कधी थांबवायची, याचं उत्तर कोणाकडे तरी असलं पाहिजे. ती एकदम बंद मात्र करायला लावू नका, डॉक्टरांना विचारूनच. आणि तुमच्या भावाला शांतपणे सांगा, की आई झोपून राहते याचा अर्थ तिचं दुखायचं थांबलं असा होत नाही. गुंगीत फक्त ओरडणं थांबतं.

आता सवयीबद्दल. पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. त्याचा धोका दुसराच आहे, तो म्हणजे नकळत दुप्पट जाणं. आपल्याकडे अंगदुखीच्या असंख्य गोळ्या मिश्रणाच्या असतात. एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीतही ते असतं. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. ४० किलोच्या, जेमतेम खाणाऱ्या आजींसाठी ती बरीच खाली असते आणि डॉक्टरांनीच ठरवायची असते. म्हणून पट्टीवरच्या ठळक नावाऐवजी खालचं बारीक अक्षरातलं रासायनिक नाव वाचायचं. एसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या या वयात किडनीवर, पोटावर आणि हृदयावर जड जातात. ब्लडप्रेशरची आणि लघवीची गोळी चालू असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर अधिकच. भेटायला येताना घरच्या डब्यातली ‘साधी’ पेनकिलर आईला हळूच देणारे नातेवाईक असतात. तुम्ही तसं करत नसाल, पण हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी करत असेल तर त्यांनी ते थांबवावं. केंद्राच्या चार्टवर नसलेली गोळी ही पुढच्या चुकीची तयारी असते.

ट्रॅमाडॉलपासून पुढे अफूच्या जातीची औषधं सुरू होतात आणि ‘सवय’ हा शब्द तिथूनच येतो. आईला ती लागतीलच असं नाही. खुब्याच्या दुखण्याला डॉक्टर बहुधा आधी इतर उपाय पाहतील. लागली, तर ८२ व्या वर्षी चिंता व्यसनाची कमी आणि गुंगी, तोल जाणं, भ्रम, बद्धकोष्ठ यांची जास्त करायची. कमीत कमी मात्रेपासून सुरुवात, सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. आईला नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ट्रॅमाडॉल सुरू करण्याआधी ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या, दोन्ही एकत्र काहींना बाधतात. आणि अशी औषधं चालू असताना माणूस हाका मारून उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन.

ज्यांच्या घरी कॅन्सरचं दुखणं आहे त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत अजून घट्ट आहे आणि तिच्यापायी माणसं तळमळत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिन आहे. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं केंद्र आहे, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. वेदनेवरचे उपचार इतर उपचारांच्या बरोबरीने चालतात.

अंगाला चिकटवायच्या पट्ट्या केंद्रांमध्ये आता बऱ्याच दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दलही सांगते. फेन्टानिलची पट्टी साधारण ७२ तासांनी बदलतात, ब्युप्रेनॉर्फिनची सात दिवसांनी. नवी लावली आणि पाठीवरची जुनी काढायची राहिली, तर दोन्हींचं औषध अंगात जातं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तरी औषध भराभर शोषलं जातं. आपल्याकडे दुखऱ्या जागी पिशवी ठेवणं इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की हे मावशींना मुद्दाम सांगावं लागतं. पट्टीवर तारीख लिहायची, कुठे लावली ते चार्टवर लिहायचं. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं, ती चिकट बाजू आत येईल अशी दुमडायची आणि कोणाच्या हाती लागणार नाही अशी टाकायची.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तक्रार की गप्प?

तुम्ही गृहीत धरलं आहे की हे त्या मुलीचं गुपित आहे आणि ते राखायचं की फोडायचं ते तुमच्या हातात आहे. पण त्या सकाळी पलंग दोन होते. आईला शेजारच्या आजींच्या गोळ्या गेल्या, तर त्या आजींना काय मिळालं? काहीच नाही, की आईच्या गोळ्या? त्यांच्या घरच्यांना हे माहीत आहे का? आणि आईच्या डॉक्टरांना? मधुमेह नसलेल्या बाईची साखर ५२ वर का गेली याचं खरं कारण त्यांना कळलेलं नसेल, तर ते कशाकशाच्या तपासण्या करतील. मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर दिवसभर राहतो, एकदा ग्लुकोज देऊन साखर वर आली तरी ती पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी आईची साखर दर काही तासांनी मोजली गेली का, की एकदा सावरल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले? आई वाचली ही चांगली गोष्ट. पण पुढच्या वेळी ज्यांच्यावर पाळी येईल त्यांना काहीच माहीत नसेल. म्हणून मला वाटतं, हे सांगायला हवं.

मात्र सांगणं आणि त्या मुलीला उभी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या एकच मानल्यात म्हणून अडकलात. ब्रिटनमध्ये २००९ साली ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांच्या औषधांची बारकाईने तपासणी प्रसिद्ध झाली. १७८ जणांच्या बाबतीत एक तरी चूक सापडली, म्हणजे दहापैकी जवळपास सात. त्या चुका लिहिण्यातल्या होत्या, दुकानातून देण्यातल्या होत्या, लक्ष ठेवण्यातल्या होत्या आणि खायला घालण्यातल्याही. दहापैकी सात जणांच्या बाबतीत घडणारी गोष्ट एखाद्या निष्काळजी मुलीमुळे घडत नाही.

तुमच्या केंद्रात काय होत असेल याचा अंदाज करता येतो. रात्री कोणीतरी सगळ्यांच्या गोळ्या पट्टीतून काढून छोट्या वाट्यांत भरून ठेवतं आणि पहाटे दुसरंच कोणीतरी त्या वाटतं. वाटीतली पांढरी गोळी कशाची आहे ते आता कोणालाच सांगता येणार नाही. वाटीवर पलंगाचा नंबर असतो आणि काल कोणीतरी दोन आजींचे पलंग बदललेले असतात. रात्रपाळीला एकच मुलगी. ती नर्सिंग शिकलेली आहे की दोन दिवस बघून कामाला लागली, हेही माहीत नसतं. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावरून हाताने उतरवलेली यादी, घरच्यांनी वेगळ्या कंपनीची आणून दिलेली तीच गोळी, एकाच आडनावाच्या दोन काकू. ही मुलगी काढली तरी यातलं काय बदलतं? उद्या दुसरी मुलगी तीच वाटी उचलेल, आणि चूक झाली तर पहिलीचं काय झालं ते आठवून तोंड मिटून बसेल. तुम्हाला खरं सांगणारी त्या केंद्रात ती एकटीच होती हे विसरू नका.

आधी तिच्याशी बोला. ‘मी हे सांगणार आहे, तुझं नाव घेणार नाही. पण ड्यूटीच्या यादीवरून ते ओळखतील, तेव्हा तू स्वतः आधी सांगितलंस तर बरं. मी तुझ्या बाजूने बोलेन.’ तिला दोन-चार दिवस द्या. मग केंद्रप्रमुखांना भेटा, आणि भेटीनंतर त्याच संध्याकाळी ईमेलने किंवा पत्राने लिहून कळवा. भाषा साधी ठेवा. असं काहीसं:

‘अमुक तारखेला सकाळी आईची साखर ५२ झाली. तिला मधुमेह नाही. दुसऱ्या रहिवाशांचं औषध तिला दिलं गेल्याचं मला समजलं आहे. याची नोंद तिच्या फाइलमध्ये व्हावी, डॉक्टरांना आणि त्या रहिवाशांच्या कुटुंबाला कळवलं जावं. कोणाला शिक्षा व्हावी ही माझी मागणी नाही. औषध देण्याची पद्धत कशी बदलणार आहात ते मला आठ दिवसांत लेखी कळवावं. आईच्या औषधांच्या चार्टची प्रतही द्यावी.’

पद्धत बदलणं म्हणजे काय, तेही तुम्हाला माहीत असू द्या, नाहीतर ‘आम्ही काळजी घेऊ’ एवढ्यावर बोळवण होईल. गोळी पलंगाशी, चार्ट समोर ठेवून, पट्टीतून काढायची. चार्टवर रहिवाशाचा फोटो हवा. काढणारा, देणारा आणि सही करणारा माणूस एकच, आणि सही गोळी गिळल्यावर. एका वेळी एकाच रहिवाशाच्या गोळ्या हातात. गोळ्या देत असणाऱ्याला मधेच फोनसाठी हाक मारायची नाही. इन्शुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, अफूच्या जातीची औषधं दोघांनी पाहूनच द्यायची. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती रोज गेली तर जिवावर बेतते, म्हणून चार्टवर तिचा वार लिहिलेला हवा. आई गोळी गिळत नाही म्हणून कुटून पेजेत घालत असतील तर कुठल्या गोळ्या कुटतात ते विचारा. पट्टीवर एसआर, एक्सआर, सीआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळायला केलेली असते, कुटली की बारा किंवा चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जातं. या बदलांना पैसा फारसा लागत नाही. रात्री दुसरा माणूस ठेवायला मात्र लागतो, आणि त्यासाठी फी थोडी वाढली तर इतर कुटुंबांनी कुरकुर करू नये, हेही तुम्हीच त्यांच्याशी बोलून ठेवलेलं चांगलं.

‘बोललो तर आईचे हाल करतील’ ही भीती तुम्ही स्पष्ट लिहिली नाहीत, पण ओळीओळीत आहे. ती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने बोलू नका. रविवारी भेटणाऱ्या आणखी दोन-तीन कुटुंबांना सोबत घ्या, त्यांनाही आपल्या माणसाचा चार्ट पाहायचाच असेल. भेटीची वेळ बदलती ठेवा, कधी रविवारऐवजी बुधवारी, कधी संध्याकाळी पाळी बदलायच्या सुमारास. आणि तुमच्या पत्रानंतर केंद्राचं वागणं कसं बदलतं ते बघा. आभार मानून चार्ट दाखवणारं केंद्र आणि ‘आमच्यावर विश्वास नसेल तर घेऊन जा’ म्हणणारं केंद्र, यांत फरक आहे.

बाहेर दाद मागायची वेळ आली तर तुमचं केंद्र कुठल्या नोंदणीवर चालतं ते आधी विचारा. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली असेल तर तक्रार महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं अशा ठिकाणांना बंधनकारक केलं आहे. बरीच केंद्रं मात्र वृद्धाश्रम म्हणूनच चालतात, औषधं देतात तरीही. तिथे मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. फी भरून घेतलेल्या सेवेसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, त्याला मुदत दोन वर्षांची. आणि डॉक्टरांकडे मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असा नियम २००२ पासून आहे. हे सगळं लगेच वापरा असं नाही. पण आजच्या तारखेचं पत्र तुमच्याजवळ असेल तर यातला प्रत्येक रस्ता पुढेही मोकळा राहतो.

राहिला प्रश्न घरी आणण्याचा. मन म्हणतं आणावं. पण घरीही गोळ्या कोणीतरी द्यायच्याच असतात. ब्यूरोची बाई बाराबारा तासांची, तिची सुट्टी आली की नवी बाई, आणि दिवसभर तुम्ही नोकरीवर. घरात चूक झाली तर तपासायला दुसरी नजरही नसते. खुब्याच्या रुग्णाची कूस बदलायला दोन माणसं लागतात. भावाने पैसे आणि तुम्ही अंग, अशी वाटणी झाली तर सहा महिन्यांत तुमचीच पाठ धरेल. मी आज घाईने आणू नका म्हणेन. ऑर्थोपेडिक तपासणी, नियमित औषध, वेदनेच्या नोंदी, पद्धतीबद्दल लेखी उत्तर, एवढ्यासाठी तीन आठवडे द्या. भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, तोही अंघोळीनंतर आई झोपलेली असताना नव्हे, तिला कूस बदलवताना. मावशींची परवानगी घेऊन, आईचं अंग झाकलेलं ठेवून. मग त्याला विचारा, बाऊ आहे का.

तीन आठवड्यांत काही हललं नाही तर जागा बदला, घरी किंवा दुसऱ्या केंद्रात. बदलताना चुका जास्त होतात, म्हणून निघायच्या दिवशी घाई नको. सगळ्या औषधांची नावं, मात्रा, वेळा आणि प्रत्येक कशासाठी आहे हे एका कागदावर डॉक्टरांच्या सहीने घ्या. त्यात बंद केलेल्या औषधांची नावंही ‘बंद’ म्हणून लिहून घ्या. त्या दिवशीचा शेवटचा डोस किती वाजता दिला ते विचारून टिपा. आठवडाभराच्या गोळ्या मूळ पट्ट्यांतच सोबत न्या, सुट्या नकोत. प्रवासाआधी वेदनेची गोळी द्यायची का ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या खुब्याला लागणार आहे. आणि त्या मावशींचा फोन नंबर घेऊन ठेवा. आईला कुठल्या कुशीवर बरं वाटतं, हे नव्या माणसांना त्याच सांगू शकतील.